शून्य अहवालामागील वास्तव : जलजन्य रोगांची चाचणी व नोंद

पावसाळ्याच्या तोंडावर देशातील प्रत्येक जिल्ह्यात जलजन्य रोगांच्या आकडेवारीकडे विशेष लक्ष दिले जाते. अतिसार, पटकी (कॉलरा), विषमज्वर, कावीळ या रोगांच्या रुग्णांची संख्या गावपातळीवर गोळा होते आणि जिल्हा, राज्य व केंद्र अशा क्रमाने वर जाते. या तक्त्यात एखाद्या जिल्ह्यासमोर पटकीच्या रकान्यात शून्य असेल, तर त्याचे तीन अर्थ संभवतात. जिल्ह्यात पटकीचा रुग्ण खरोखरच नसेल. रुग्ण असतील, पण त्यांची चाचणी झाली नसेल. किंवा चाचणीतून रोग सिद्ध झाला असेल, पण त्याची नोंद वरपर्यंत पोचली नसेल. कागदावर हे तिन्ही शून्य सारखेच दिसतात. त्यांपैकी पहिला समाधानाचा आणि उरलेले दोन धोक्याचे असतात.

यांतील नेमका कोणता शून्य आपल्यासमोर आहे, हे केवळ तक्ता पाहून कळत नाही. त्यासाठी तो आकडा तयार करणाऱ्यांना, म्हणजे आरोग्यसेविकेपासून जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यापर्यंतच्या यंत्रणेला, प्रश्न विचारावे लागतात. नमुना कधी घेतला जातो, तो कोठे पाठविला जातो, निष्कर्ष कोणाला कळविला जातो आणि नोंद न होण्याची कारणे कोणती, याची पद्धतशीर पाहणी हा सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेच्या मूल्यमापनाचा आवश्यक भाग आहे.

येथे दोन संज्ञांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. रोगांची माहिती सातत्याने गोळा करणे, तिचे विश्लेषण करणे आणि त्यावर तातडीने कार्यवाही करणे या अखंड प्रक्रियेला मराठीत 'रोग सर्वेक्षण' म्हणतात. ही प्रक्रिया कशी चालते हे ठरावीक काळाने, निवडक व्यक्तींना प्रश्न विचारून तपासणे म्हणजे 'पाहणी'. सर्वेक्षण रोगावर नजर ठेवते, तर पाहणी सर्वेक्षणावर.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हा विषय राज्यसूचीत (नोंद ६) आहे. पाणी हा विषयही राज्यसूचीतच (नोंद १७) आहे. मात्र सांसर्गिक रोगांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा प्रसार रोखणे ही बाब समवर्ती सूचीत (नोंद २९) येते. अनुच्छेद ४७ नुसार सार्वजनिक आरोग्यात सुधारणा करणे हे राज्यसंस्थेचे प्राथमिक कर्तव्यांपैकी एक कर्तव्य आहे. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर पेयजल आणि आरोग्य हे विषय अनुक्रमे अकराव्या व बाराव्या अनुसूचीत समाविष्ट झाले आणि त्यांची जबाबदारी पंचायती व नगरपालिकांकडे सोपविण्याचा मार्ग खुला झाला.

या रचनेचा परिणाम असा, की एकाच नळातून येणाऱ्या पाण्याशी आणि त्यातून होणाऱ्या आजाराशी अनेक यंत्रणांचा संबंध येतो. जलवाहिनीची देखभाल एका विभागाकडे, सांडपाण्याची व्यवस्था दुसऱ्याकडे आणि रुग्णाची नोंद तिसऱ्याकडे असते. १८९७ चा साथरोग कायदा मुंबईतील प्लेगच्या पार्श्वभूमीवर संमत झाला व २०२० मध्ये त्यात दुरुस्ती करण्यात आली. साथीच्या काळात विशेष उपाय योजण्याचे अधिकार हा कायदा देतो. परंतु साथ नसताना कोणाची चाचणी करावी, निष्कर्ष कोणाला व किती वेळात कळवावा, याची दैनंदिन घडी तो बसवून देत नाही. ती घडी प्रशासकीय कार्यक्रमांतूनच बसवावी लागते.

एकात्मिक रोग सर्वेक्षणाची वाटचाल

१९९४ मध्ये सुरतमधील प्लेगच्या साथीने देशातील रोग सर्वेक्षणातील उणिवा प्रकर्षाने पुढे आणल्या. त्यानंतर १९९७-९८ मध्ये सांसर्गिक रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रम काही निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. नोव्हेंबर २००४ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पाची सुरुवात झाली. जागतिक बँकेचे साहाय्य २०१२ मध्ये संपल्यानंतरही तो कार्यक्रम म्हणून पुढे चालू राहिला. दिल्लीतील राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्रात त्याचा केंद्रीय कक्ष असून प्रत्येक राज्यात व जिल्ह्यात सर्वेक्षण कक्ष आहेत.

या कार्यक्रमाचा पाया तीन प्रकारच्या नमुन्यांवर (फॉर्मवर) उभा आहे. 'एस' नमुना उपकेंद्रातील आरोग्य कर्मचारी भरतो. त्यात ताप, जुलाब, कावीळ अशा केवळ लक्षणांची नोंद असते. 'पी' नमुना वैद्यकीय अधिकारी भरतो. त्यात लक्षणांवरून केलेले संभाव्य निदान असते. 'एल' नमुना प्रयोगशाळेचा असून त्यात चाचणीने सिद्ध झालेले निदान असते. लक्षण, संभाव्य निदान आणि सिद्ध निदान या तीन पातळ्यांमुळे माहितीचा वेग आणि तिची अचूकता यांचा मेळ घातला जातो. आरोग्यसेविकेची नोंद लवकर मिळते, पण ढोबळ असते. प्रयोगशाळेची नोंद अचूक असते, पण उशिरा मिळते.

पूर्वी सोमवार ते रविवार असा आठवडा धरून कागदी अहवाल पाठविला जात असे. ५ एप्रिल २०२१ रोजी एकात्मिक आरोग्य माहिती मंचाचे उद्घाटन झाले. त्यावर पूर्वीच्या १८ ऐवजी ३३ रोगांची माहिती जवळजवळ तत्काळ, थेट संगणकीय पद्धतीने नोंदविण्याची सोय करण्यात आली. त्यापूर्वी २००८ मध्ये वृत्तपत्रे व वाहिन्यांतील बातम्यांवरून उद्रेकांचा माग काढणारा माध्यम पडताळणी कक्षही सुरू झाला होता. अधिकृत अहवालाआधी स्थानिक वृत्तपत्रात बातमी येऊ शकते, हे वास्तव या कक्षाच्या स्थापनेतूनच मान्य केले गेले.

धोक्याचा इशारा कधी समजावा, याचेही निकष ठरलेले आहेत. उदाहरणार्थ, पाच वर्षांवरील व्यक्तीला जुलाबामुळे तीव्र निर्जलीकरण झाले किंवा तिचा मृत्यू झाला, तर अशी एक घटनाही पुढील तपासासाठी पुरेशी मानली जाते. लहान बालकांत अतिसाराची अनेक कारणे असतात. परंतु प्रौढ व्यक्ती काही तासांत गंभीर होत असेल, तर पटकीची शंका घेणे भाग असते.

समान आजार, असमान आकडे

रुग्णापासून आकड्यापर्यंतचा प्रवास एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका तालुक्यात दूषित पाण्यामुळे १,००० जणांना जुलाब झाले. त्यांपैकी ६०० जणांनी घरगुती उपाय केले किंवा दुकानातून गोळ्या घेतल्या. उरलेले ४०० डॉक्टरकडे गेले, त्यांतील १२० सरकारी आरोग्य केंद्रात. तेथे सहा जणांच्या शौचाचे नमुने घेतले गेले. तीन नमुने प्रतिजैविक सुरू झाल्यावर घेतलेले होते किंवा उशिरा पोचले. उर्वरित तिघांपैकी एकाच्या नमुन्यात पटकीचे जिवाणू आढळले. अहवालात नोंद झाली: पटकीचा एक रुग्ण.

शेजारच्या तालुक्यातही १,००० लोकच आजारी पडले आणि १२० जणच सरकारी केंद्रात आले. मात्र तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याने ६० नमुने उपचारापूर्वी घेऊन वेळेत पाठविले. त्यांतील २० नमुन्यांत जिवाणू आढळले. कागदावर हा तालुका पहिल्यापेक्षा वीस पट अधिक रोगग्रस्त ठरतो. वरिष्ठांकडून खुलासा मागविला जातो तो याच तालुक्याकडून. जेथे काम चांगले झाले, तेथेच परिस्थिती वाईट दिसते. अशा तुलनेतून कर्मचाऱ्यांनी नमुने कमी घेण्याचा धडा घेतला, तर त्याची किंमत पुढील साथीत नागरिकांना मोजावी लागते.

ही विसंगती काल्पनिक नाही. भारतातील १९९७ ते २००६ या दहा वर्षांतील पटकीच्या नोंदींचा विविध स्रोतांतून अभ्यास करण्यात आला. त्यात एकूण २,२२,०३८ रुग्णांची नोंद आढळली. याच काळात जागतिक आरोग्य संघटनेकडे पोचलेली संख्या मात्र ३७,७८३ होती. म्हणजे देशातच उपलब्ध असलेल्या नोंदी अधिकृत आकड्याच्या जवळजवळ सहा पट होत्या. ज्यांची चाचणीच झाली नाही, असे रुग्ण या दोन्ही आकड्यांच्या बाहेरच राहतात.

चाचणीचे शास्त्र आणि तिच्या मर्यादा

जलजन्य रोगांचे निदान एकाच चाचणीने होत नाही. पटकीच्या निश्चित निदानासाठी शौचाच्या नमुन्याचे कल्चर करावे लागते. नमुना प्रतिजैविक देण्यापूर्वी घेतलेला असावा लागतो. प्रयोगशाळा दूर असल्यास तो कॅरी-ब्लेअर या वाहतूक माध्यमात ठेवावा लागतो; त्यात जिवाणू सामान्य तापमानातही टिकून राहतात. हे माध्यम आरोग्य केंद्रात शिल्लक आहे की नाही, या साध्या बाबीवर जिल्ह्याचा पटकीचा आकडा अवलंबून असू शकतो.

विषमज्वराच्या बाबतीत रक्ताचे कल्चर हा निदानाचा खात्रीचा मार्ग आहे. मात्र कल्चर करूनही सुमारे निम्म्या रुग्णांतच जिवाणू सापडतात, आणि आधी प्रतिजैविक घेतले असल्यास ही शक्यता आणखी घटते. अनेक ठिकाणी वापरली जाणारी विडाल चाचणी सोपी व स्वस्त आहे. परंतु एकाच नमुन्यावरून काढलेला तिचा निष्कर्ष फारसा भरवशाचा नसतो. त्यामुळे एका जिल्ह्याचा विडालवर आधारित आकडा आणि दुसऱ्याचा कल्चरवर आधारित आकडा यांची थेट तुलना करणे योग्य ठरत नाही.

जे शोधले जात नाही ते सापडत नाही, हे भारताच्या अनुभवातून वारंवार सिद्ध झाले आहे. १९९२ च्या अखेरीस मद्रास (आताचे चेन्नई) येथे पटकीसारखी लक्षणे असलेल्या रुग्णांत असे जिवाणू आढळले, की ते तोवर पटकीस कारणीभूत मानल्या जाणाऱ्या 'ओ १' गटाच्या चाचणीला प्रतिसाद देत नव्हते. केवळ ठरलेल्या चाचणीवर विसंबून राहिले असते, तर हे रुग्ण पटकीचे मानले गेले नसते. प्रयोगशाळांनी पुढे तपास केल्यामुळे 'ओ १३९' हा नवा प्रकार उघडकीस आला. तो लवकरच कलकत्ता व बांगलादेशात पसरला.

दिल्लीतील १९५५-५६ ची काविळीची साथ हे दुसरे उदाहरण आहे. यमुनेच्या प्रवाहातील बदलामुळे वझिराबाद येथील पाणी उपसा केंद्राजवळ सांडपाणी मिसळले. शुद्धीकरण केंद्रात क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. त्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूजन्य रोग वाढले नाहीत. परंतु विषाणू नष्ट झाला नाही आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. त्या वेळी ही साथ आज हिपॅटायटिस 'ए' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या काविळीची मानली गेली. साठवून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या नंतरच्या तपासणीतून ती हिपॅटायटिस 'ई'ची असल्याचे स्पष्ट झाले. हा रोग गर्भवती स्त्रियांना, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, अत्यंत घातक ठरतो. डिसेंबर २०१५ पासून सिमल्यात पसरलेल्या हिपॅटायटिस 'ई'च्या साथीतही सांडपाणी पेयजलाच्या स्रोतात मिसळणे हेच कारण होते. साठ वर्षांनंतरही तीच चूक घडू शकते, हे यावरून दिसते.

पाण्याची तपासणी आणि रुग्णाची नोंद

पेयजलासाठी भारतीय मानक ब्युरोचे 'आयएस १०५००' हे मानक आहे. त्याची दुसरी सुधारित आवृत्ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. या मानकानुसार १०० मिलिलीटर पाण्यात ई. कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नयेत. पाण्यात शिल्लक राहिलेल्या क्लोरीनचे प्रमाण किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलीटर असावे आणि विषाणूंपासून संरक्षण आवश्यक असेल तेथे ते ०.५ मिलिग्रॅम असावे, अशी तरतूद आहे.

गावपातळीवर दोन सोप्या तपासण्या प्रचलित आहेत. ऑर्थोटोलिडिन म्हणजेच 'ओटी' चाचणीत पाण्याला पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक असल्याचे कळते. हायड्रोजन सल्फाइडवर आधारित चाचणीत बाटलीतील पाणी काळे झाले, तर ते विष्ठेने दूषित असण्याची शक्यता असते. ही दुसरी चाचणी १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली आणि पुढे ती अनेक देशांत वापरली गेली.

फेब्रुवारी २००६ मध्ये ग्रामीण पेयजल गुणवत्ता संनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद करण्यात आली आणि तपासणीचे निष्कर्ष संगणकीय प्रणालीवर नोंदविण्याची व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या जलस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण करून जोखमीनुसार लाल, पिवळे व हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. पाण्यात टीसीएल पावडर टाकण्याचे काम करणारा ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हा या साखळीतील पहिला दुवा होय.

मात्र पाण्याची नोंद आणि रुग्णाची नोंद या स्वतंत्र प्रणालींमध्ये होते. पाणी दूषित आढळल्याची माहिती त्याच गावाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला वेळेत मिळाली, तर तो रुग्ण येण्यापूर्वीच सावध होऊ शकतो. उलट, काविळीचे रुग्ण वाढल्याचे पाणीपुरवठा अभियंत्याला कळले, तर तो गळती शोधू शकतो. येथे काळाचाही प्रश्न असतो. पटकीची लक्षणे काही तासांत ते पाच दिवसांत दिसतात. हिपॅटायटिस 'ई'ची लक्षणे दिसण्यास मात्र दोन ते आठ आठवडे लागतात. तोवर जलवाहिनी दुरुस्त होऊन पाणी स्वच्छही झालेले असते. अशा वेळी आजच्या पाण्याच्या नमुन्यापेक्षा महिनाभरापूर्वीच्या गळतीची व तक्रारींची नोंदवही अधिक उपयोगी पडते.

नोंद अपुरी का राहते?

पहिले कारण उपचारांच्या स्वरूपात आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) आजारपणाच्या सुमारे ३० टक्के प्रकरणांतच उपचार सरकारी रुग्णालयांत घेतले गेले. खासगी दवाखान्यांतील रुग्णांची माहिती नियमितपणे मिळत नसेल, तर सर्वेक्षणाचा पाया अरुंद राहतो.

दुसरे कारण वैद्यकीय आहे. जुलाबाच्या रुग्णाला जलसंजीवनी देऊन व निर्जलीकरण थांबवून वाचविता येते. त्यासाठी जिवाणूचे नाव कळण्याची गरज नसते. त्यामुळे उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने चाचणी अनावश्यक खर्च ठरते. चाचणीचा लाभ त्या रुग्णाला नव्हे, तर त्याच जलवाहिनीचे पाणी पिणाऱ्या इतरांना होतो. सार्वजनिक हिताच्या अशा कामाचा खर्च व जबाबदारी शासनानेच उचलणे क्रमप्राप्त ठरते.

तिसरे कारण भीतीचे आहे. पटकी हा शब्द उच्चारताच पाणीपुरवठा व्यवस्थेवर आणि पर्यायाने प्रशासनावर ठपका येतो. म्हणून 'गॅस्ट्रो' किंवा 'तीव्र अतिसार' असा सौम्य व व्यापक शब्द वापरण्याकडे कल राहतो. हा प्रश्न केवळ भारताचा नाही. पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावलीनुसार पटकी, प्लेग व पीतज्वर यांची माहिती कळविणे सर्व देशांना बंधनकारक होते. व्यापार व पर्यटनावर निर्बंध येतील या भीतीने अनेक देश ती टाळत असत. २००५ ची नियमावली १५ जून २००७ पासून लागू झाली. तिने ठरावीक रोगांच्या यादीऐवजी घटनेचे गांभीर्य व आंतरराष्ट्रीय प्रसाराची शक्यता यांवर भर दिला. जे राष्ट्रांच्या बाबतीत घडले, तेच जिल्ह्यांच्या व आरोग्य केंद्रांच्या बाबतीतही घडू शकते.

अधिकाऱ्यांची पाहणी : कोणाची व कशी?

ही कारणे सर्वत्र सारख्या प्रमाणात नसतात. कोणत्या जिल्ह्यात कोणता दुवा निखळला आहे, हे शोधण्यासाठी पाहणी करावी लागते. ती केवळ जिल्हा मुख्यालयापुरती मर्यादित राहिल्यास नियमपुस्तिकेतील उत्तरेच हाती येतात. म्हणून आरोग्यसेविका, वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जिल्हा सर्वेक्षण अधिकारी, महापालिकेचा आरोग्य विभाग, पाणीपुरवठा अभियंता आणि खासगी डॉक्टर अशा प्रत्येक पातळीचा तीत समावेश असावा लागतो. कल्चरची सोय असलेले व नसलेले जिल्हे, शहरी व ग्रामीण भाग, नळपाणी व टँकरवर अवलंबून असलेली गावे यांचे योग्य प्रतिनिधित्वही आवश्यक असते.

प्रश्नांची मांडणी हा पाहणीचा गाभा होय. 'आपण जुलाबाच्या रुग्णांचे नमुने घेता का?' या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी 'होय' असेच उत्तर मिळेल. त्याऐवजी प्रत्यक्ष घटनेविषयी विचारणे उपयुक्त ठरते:

१. शौचाचा शेवटचा नमुना कोणत्या तारखेस पाठविला? तो प्रयोगशाळेत किती तासांत पोचला?
२. त्याचा निष्कर्ष लेखी मिळाला काय? किती दिवसांनी मिळाला?
३. वाहतूक माध्यमाच्या किती बाटल्या आज शिल्लक आहेत? त्यांची मुदत संपलेली नाही ना?
४. परिसरातील पाण्याचा नमुना दूषित आढळल्याची माहिती गेल्या पावसाळ्यात किती वेळा मिळाली व कोणाकडून?
५. परिसरातील किती खासगी दवाखाने व प्रयोगशाळा नियमित माहिती देतात?
६. मागील उद्रेकाची पहिली खबर कोणी दिली: आरोग्यसेविकेने, आशा कार्यकर्तीने, ग्रामस्थांनी की वृत्तपत्राने?

याशिवाय एखाद्या काल्पनिक रुग्णाचे वर्णन देऊन कार्यवाही विचारण्याची पद्धतही वापरली जाते. तांदळाच्या धुवणासारखे पातळ जुलाब होणारा व डोळे खोल गेलेला तीस वर्षांचा पुरुष केंद्रात आल्यास प्रथम काय कराल, नमुना केव्हा घ्याल, कोणाला कळवाल, या प्रश्नांतून ज्ञान तपासले जाते. प्रत्यक्ष वर्तन तपासण्यासाठी मात्र बाह्यरुग्ण नोंदवही, प्रयोगशाळेची नोंदवही आणि पाठविलेला अहवाल यांची परस्परांशी पडताळणी करावी लागते. तोंडी उत्तर आणि नोंदवही यांतील तफावत हाच पाहणीचा सर्वांत मौल्यवान निष्कर्ष असतो.

अशा पाहणीत काही दोषही संभवतात. वरिष्ठानेच कनिष्ठाला प्रश्न विचारला, तर प्रामाणिक उत्तराची अपेक्षा धरता येत नाही. म्हणून उत्तरदात्याचे नाव गोपनीय ठेवणे आणि हे काम वैद्यकीय महाविद्यालयासारख्या तटस्थ संस्थेकडे सोपविणे हिताचे ठरते. जे अधिकारी उत्तरच पाठवीत नाहीत, त्यांच्याकडील व्यवस्था अधिक कमकुवत असण्याची शक्यता असते. त्यामुळे केवळ आलेल्या उत्तरांवरून काढलेला निष्कर्ष वास्तवापेक्षा उजळ दिसतो. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ पासून सुरू झालेल्या सामाईक आढावा मोहिमांत बाहेरील तज्ज्ञांच्या पथकांनी प्रत्यक्ष केंद्रांना भेटी देण्याची पद्धत याच दृष्टीने महत्त्वाची आहे.

तीन प्रकारची उत्तरे, तीन प्रकारचे उपाय

पाहणीतून पुढे येणाऱ्या त्रुटींचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. काही ठिकाणी काय करावे हे माहीत नसते. काही ठिकाणी माहीत असते, पण साधन नसते. आणि काही ठिकाणी ज्ञान व साधन दोन्ही असूनही परिणामांच्या भीतीने नोंद टाळली जाते. पहिल्यावर प्रशिक्षण हा उपाय आहे. दुसऱ्यासाठी मनुष्यबळ, वाहतूक व प्रयोगशाळा यांवर खर्च करावा लागतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत सुविधा अभियानातील जिल्हास्तरीय एकात्मिक सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा या गरजेशी निगडित आहेत. तिसऱ्या प्रकारात प्रशिक्षण वा निधी फारसा उपयोगी पडत नाही. तेथे प्रशासनाची दृष्टीच बदलावी लागते. तिन्ही त्रुटींचा परिणाम कागदावर एकच, म्हणजे शून्य असतो. म्हणूनच कारण न शोधता दिलेला सरसकट उपाय वाया जातो.

दोन शहरांचे अनुभव

प्रगत देशही या प्रश्नातून सुटलेले नाहीत. अमेरिकेतील मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची साथ पसरली. हा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही आणि डॉक्टरने विशेष मागणी केल्याशिवाय प्रयोगशाळा त्याचा शोध घेत नसत. कामगार, शिक्षक व विद्यार्थ्यांची मोठी अनुपस्थिती आणि जुलाबावरील औषधांचा संपलेला साठा यांतून साथीची जाणीव झाली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले रुग्ण काही शेच होते. दूरध्वनीवरून केलेल्या घरोघरच्या पाहणीतून मात्र सुमारे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज निघाला. १९९५ पासून अमेरिकेत हा रोग राष्ट्रीय पातळीवर नोंदणीयोग्य रोगांत समाविष्ट झाला.

जानेवारी २०२५ मध्ये पुणे परिसरात, विशेषतः सिंहगड रस्त्यालगतच्या भागात, गुइलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. पुढे रुग्णसंख्या दोनशेच्या वर गेली. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत काही रुग्णांच्या शौच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू, तर काहींत नोरोव्हायरस आढळला आणि परिसरातील पाण्याची तपासणी हाती घेण्यात आली. कॅम्पिलोबॅक्टरमुळे प्रथम जुलाब होतात. जीबीएस हा त्यानंतर काही जणांत उद्भवणारा गंभीर परिणाम होय. जुलाबाच्या टप्प्यावर या जिवाणूची चाचणी सर्वसाधारणपणे होत नाही. त्यामुळे पाण्याविषयीचा इशारा मज्जातंतूंच्या रुग्णांकडून मिळण्याची वेळ येते.

पुढील दिशा

व्यवस्थेचे यश मोजण्याची पट्टी बदलणे ही पहिली गरज आहे. जिल्ह्यात किती रुग्ण आढळले यासोबतच किती नमुने तपासले, संशयित रुग्णांपैकी कितींची चाचणी झाली आणि पहिल्या रुग्णापासून पहिल्या कार्यवाहीपर्यंत किती तास लागले, हेही प्रसिद्ध व्हावयास हवे. शून्य रुग्णांसोबत 'शून्य नमुने' असे लिहिलेले असेल, तर त्या शून्याचा अर्थ कोणालाही कळेल. दुसरी गरज पाणी व आरोग्य विभागांच्या माहितीची गावनिहाय सांगड घालण्याची आहे. तिसरी गरज खासगी डॉक्टर व प्रयोगशाळांना सोप्या पद्धतीने सहभागी करून घेण्याची आहे.

अचूक माहितीवर धोरणात्मक निर्णयही अवलंबून असतात. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर व पुणे येथे सुमारे २४ हजार बालकांचा पाठपुरावा करून झालेल्या विषमज्वराच्या अभ्यासात शहरी वस्त्यांतील रोगाचे प्रमाण पुण्याजवळील ग्रामीण भागापेक्षा कितीतरी अधिक आढळले. लस कोठे प्रथम द्यावी, जलवाहिन्या कोठे प्रथम बदलाव्यात, हे ठरविण्यास अशीच माहिती लागते. पटकीमुळे होणारे मृत्यू २०३० पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करण्याचे जागतिक उद्दिष्ट २०१७ मध्ये मांडण्यात आले. मात्र नोंदच अपुरी असेल, तर मृत्यू घटले की केवळ त्यांची नोंद घटली, हे सांगता येणार नाही.

रुग्णाची नोंद करणाऱ्या कर्मचाऱ्याला शिक्षेची नव्हे, तर मदतीची खात्री वाटली पाहिजे. पावसाळ्यातील पहिल्याच आठवड्यात नमुना पाठविणारी आरोग्यसेविका जिल्ह्याच्या आकड्यात एकाची भर घालते. परंतु त्या एका नोंदीमुळे जलवाहिनीची गळती वेळेत सापडली, तर पुढील शेकडो रुग्ण टळतात. ज्या जिल्ह्यात अशा नोंदीचे स्वागत होते, तेथील शून्यावरच विश्वास ठेवता येतो.